भ्यालेली बोटं

कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या हवेला एक वास येतो. गोड, पण करपलेला. नगरहून मनमाडच्या रस्त्याने निघालं की राहुरीच्या आसपास तो गाडीत शिरतो, काचा बंद असल्या तरी. रस्त्यावर उसाने लादलेल्या ट्रॉल्या, त्यांतून निसटून डांबरावर पडलेली कांडकी, बैलगाड्यांची संथ रांग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकसुरी आवाज. बसमधली माणसं या वासाने खुलतात. कोणी गुऱ्हाळावरच्या गरम गुळाची आठवण काढतं, कोणी लहानपणी चालत्या ट्रॉलीतून ओढलेल्या उसाची. मी गप्प असते. परवा कोपरगावला जाताना तो वास आला आणि माझा हात आपोआप पर्समधल्या फोनवर गेला. फोन शांत होता. तरी कोपरगाव येईपर्यंत मी तो हातातून सोडला नाही.

मला उसाची भीती वाटते. नगर जिल्ह्यात जन्मलेल्या बाईने हे म्हणावं म्हणजे हसण्यासारखंच आहे, पण खरं आहे. उभ्या उसाची, दोन फडांमधून जाणाऱ्या अरुंद वाटेची, वारा पडलेला असताना मध्येच खसफसलेल्या पाचटाची. ही भीती माझ्या लहानपणची नाही. ती मला माझ्या कामातून मिळाली, एका हंगामात.

माझं काम असं, की मोबाईलवरची एखादी नवी गोष्ट लोकांना वापरता येते का, हे त्यांच्या शेजारी बसून बघायचं. आईला ते अजून नीट सांगता येत नाही. ती शेजारणींना सांगते, "पोरगी मोबाईलची परीक्षा घेते." चुकीचं नाही ते. परीक्षा मोबाईलचीच असते. चाचणी सुरू करताना समोरच्याला मी हेच सांगते, "तुमचं काही चुकणार नाही, चुकलं तर या पडद्याचं चुकेल." आणि समोरचा माणूस मान डोलावतो, पण विश्वास ठेवत नाही. त्याचं बोट पडद्याच्या वर अधांतरी थांबतं. "दाबू का? काही बिघडनार तर न्हाई?" मिरजगावच्या एका किराणा दुकानदाराने हिशेबाचं ॲप तपासताना, पेन्शनीतल्या एका गुरुजींनी बँकेचं ॲप तपासताना, मला हाच प्रश्न विचारला होता. अधांतरी थांबलेलं ते बोट मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की माझा सगळा व्यवसाय त्या बोटासाठीच आहे असं मला वाटतं. चांगला पडदा तो, ज्याच्यासमोर माणूस भीत नाही. ही साधी गोष्ट मी शिकले होते आणि ती मला पुरेशी वाटत होती.

मग बिबट्याचं काम आलं.

बिबट्या उसात राहतो याचं आमच्याकडे आता कोणाला नवल वाटत नाही. त्याची पिल्लं उसात जन्मतात, उसात वाढतात, दुसरं रान त्यांनी पाहिलेलंच नसतं. वर्षभर तो त्या हिरव्या अंधारात दडलेला असतो. हंगाम सुरू झाला, कोयते चालू लागले की एकेक फड मोकळा होतो आणि तो उरलेल्या उसात सरकतो. म्हणजे ऊस जसजसा कमी होत जातो, तसतशी भीती दाट होत जाते. बाहेरच्या माणसाला मोकळं रान दिसतं, बरं वाटतं. वस्तीवरची माणसं उरलेल्या फडाकडे बघत असतात.

एका संस्थेने आमच्या छोट्या कंपनीकडून वस्त्यांसाठी एक ॲप करून घेतलं होतं. कोणाला बिबट्या दिसला तर त्याने फोनवर बटण दाबायचं. आसपासच्या सगळ्या वस्त्यांवरचे फोन एकदम वाजायचे. पडदे आमच्या निखिलने केले होते. निखिल पुण्यात बसून काम करतो, हुशार आहे, आणि त्याचे पडदे देखणे असतात. ते लोकांना जमतात का, हे बघायला मी कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या अंगाला असलेल्या एका वस्तीवर जाऊ लागले.

वस्ती म्हणजे दोनच घरं. एक वैशालीचं, दुसरं तात्यांचं. मध्ये उसातून जाणारी पायवाट. वैशाली तिशीतली, नवरा सोमनाथ साखर कारखान्यात कामाला, मुलगी प्रांजल तेव्हा चौथीत. घराच्या तीन बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला पाटाची चारी. गोठ्याला लोखंडी जाळी मारलेली. टिपू नावाचा कुत्रा, त्याच्या गळ्यात खिळे लावलेला जाड पट्टा. का, ते विचारावं लागलं नाही. बिबट्या आधी मान धरतो.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात बाजेवर बसलो. मी फोन वैशालीच्या हातात दिला आणि नेहमीसारखी सुरुवात केली, "समजा, तुम्हाला बिबट्या दिसला..."

"मॅडम, समजा म्हनू नका," ती पटकन म्हणाली. मग स्वतःच ओशाळून हसली. "म्हंजे, दुसरं कायबी म्हना. पन ते समजा नको."

मी शब्द बदलला. "बरं. फोनवर बिबट्याची खबर द्यायची आहे. कशी द्याल? आणि करताना जे मनात येईल ते मोठ्याने बोला."

तिने सगळं बिनचूक केलं. बटण दाबलं. जागांची यादी आली, त्यातून आपली वस्ती निवडली. मग 'आपली खात्री आहे का?' असा प्रश्न आला, त्याला 'होय' म्हणाली. तोंडाने बोलतही होती, "हे दाबलं, आता जागा इचारतोय, ही आमची, आता इचारतोय खरंच का, तर व्हय बाबा खरंच." प्रांजल खांद्यावरून वाकून बघत होती आणि खुदखुदत होती. चाचणी म्हणून याहून चांगलं काय असतं? पण परतीच्या एसटीत बसल्यावर माझ्या मनात एक बारीक कुसळ टोचत राहिलं. दुपार होती. लख्ख ऊन होतं. तिचे हात कोरडे होते, पाय बाजेवर घेतलेले होते, आणि बिबट्या नव्हता.

तात्यांची चाचणी झालीच नाही. तात्या सत्तरीचे, अंगाने अजून काटक, घरात एकटेच. मुलं पिंपरीला. मी फोन पुढे केला. पडद्यावर बिबट्याचं चित्र होतं, खरंखुरं, पिवळे डोळे रोखलेलं. त्या चित्रावरच बोट ठेवायचं होतं. तात्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"चित्र हाय ते, तात्या," वैशाली म्हणाली.

"चित्रच हाय, कळतंय मला. पन डोळं त्याचंच हायेत." त्यांनी तळवे धोतराला पुसले. मग माझ्याकडे न बघता सांगू लागले. मागच्या हंगामात त्यांच्या दारातून शेळी नेली होती. ते उंबऱ्यात उभे होते, हातात काठी होती. "तोंड उघडलं मी. लई जोरात वराडायचं हुतं. आवाजच निघंना. तोंड उघडं, आन आवाज न्हाई. शेळीबी वराडली न्हाई. सगळं मुक्यानंच झालं बगा."

मी त्यांना पुन्हा आग्रह केला नाही. निखिलला कळवून ते चित्र काढायला लावलं. तिथे एक लाल गोल आणि त्यात घंटा आली. पण तात्यांच्या त्या वाक्याने मला धरून ठेवलं. आमच्या व्यवसायातली सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे माणसाला मोठ्याने विचार करायला सांगणं. आणि इथे समोरचा माणूस सांगत होता, की भीती आली की आधी आवाज जातो.

त्यानंतर मी तिथे जात राहिले. आसपासच्या वस्त्यांवर फिरायचे, बायकांना, मजुरांना, शाळेतल्या बाईंना पडदे दाखवायचे, त्यांच्या फोनवर ॲप घालून द्यायचे, आणि शेवटी चहाला वैशालीकडे. तिथल्या दिवसाची एक लय माझ्या ध्यानात येऊ लागली. उन्हं कलली की आवाज बदलायचे. धुणं घाईने आत जायचं. पोरांना हाका सुरू व्हायच्या, आणि त्या हाकांमध्ये लाड नसायचा. शेळ्या जाळीआड जायच्या. बायका बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून उसाकडे बघायच्या, मग पुढे बोलायच्या. मीही तसंच करू लागले आहे, हे मला नगरला घरी बाल्कनीत उभी असताना एकदा जाणवलं. समोर फक्त दुसरी इमारत होती.

त्या संध्याकाळी थंडी होती. सूर्य उसाच्या तुऱ्यांमागे गेला होता आणि तुरे गुलाबी दिसत होते. पायवाटेच्या एका बाजूचा फड त्याच दिवशी तुटला होता. तोडणीची टोळी सामान गोळा करून नुकतीच गेली होती, पाचट वाटेवर आडवंतिडवं पसरलं होतं. दुसऱ्या बाजूचा ऊस उभा होता. प्रांजल किटलीत दूध घेऊन तात्यांकडे निघाली. रोजचंच होतं ते. अजून उजेडही होता. मी अंगणात उभी राहून चप्पल घालत होते. चाचणीचा फोन हातातच होता.

टिपू भुंकत होता. बराच वेळ भुंकत होता, म्हणून कोणी लक्ष देत नव्हतं. मग तो थांबला. शेपूट पोटाखाली घेऊन, अंग जमिनीला घासत आला आणि बाजेखाली शिरला. आवाज केला नाही.

वैशालीच्या हातात सूप होतं. तिने ते खाली ठेवलं, अगदी हळू, जणू आवाज झाला तर काहीतरी फुटेल.

"मॅडम," ती म्हणाली, "टिपू बगा." आणि मग, "पोरगी वाटंवर हाय."

आम्ही दोघी घराच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. प्रांजल वाटेच्या मध्यावर पाठमोरी उभी होती. तिच्या पुढे, बैलगाडीच्या लांबीवर असेल नसेल, तो वाटेवर आडवा होता. उभ्या उसातून अर्धा बाहेर आलेला. मला आधी तो दिसलाच नाही. पाचटाच्या रंगाचं काहीतरी आहे एवढंच वाटलं. मग शेपटीचं टोक हललं.

मी फोनकडे बघितलं. तो पडदा मला पाठ होता. त्यावर किती माणसांची बोटं मी पाहिली होती! मी लाल गोल दाबला. जागांची यादी आली. अक्षरं दिसत होती पण वाचता येत नव्हती. हे मला कधी कोणाला समजावून सांगता आलेलं नाही. अक्षरं होती, ओळखीची होती, आणि त्यांचा शब्द होत नव्हता. अंगठा कुठेतरी लागला. प्रश्न आला. खाली दोन बटणं होती, सारख्या आकाराची, सारख्या रंगाची, शेजारी शेजारी. मी दाबलं. पडदा पुन्हा पहिल्यासारखा झाला. मी 'रद्द करा' दाबलं होतं.

मी पुन्हा लाल गोल दाबला. अंगठा घामाने ओला झाला होता, फोनला तो कळेना. मी तो ओढणीला पुसला आणि परत दाबला, आणि त्या वेळात मुलीकडे बघणं माझ्याच्याने होईना, कारण पडद्यावरून नजर काढली तर जागा चुकेल अशी भीती होती. नजर न काढली तर काय होईल, याचीही होती.

वैशालीने फोनकडे बघितलंही नाही. तिने गोठ्याजवळचा पत्र्याचा डबा उचलला, त्यावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा हाणला, आणि ओरडली. "पळू नको! प्रांजल, पळायचं न्हाई! खाली वाकू नको! हात वर कर, वर!" तिचा आवाज फाटला होता. डब्यावर वरवंटा पडत होता. प्रांजल वळली नाही. तिने दोन्ही हात वर केले. एका हातात किटली होती. तीही वर गेली, आणि दूध तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून खाली सांडलं. त्या संधिप्रकाशात ती एवढीशी पोर हात वर करून, दुधाने निथळत उभी होती.

बिबट्याने डोकं वळवून तिच्याकडे बघितलं. घाई नव्हती त्याला. मग तुटलेल्या फडाकडे बघितलं, जिथे सकाळपर्यंत त्याचं घर असावं. आणि आला तसा उभ्या उसात मागे सरकला. पाचट थोडं हललं. मग तेही थांबलं.

वैशाली धावली. मीही तिच्या मागे धावले. तिने मुलीला आधी पाठीत एक धपाटा घातला आणि मग छातीशी दाबलं. प्रांजल एकच सांगत होती, "आई, दूध सांडलं. आई, सगळं दूध सांडलं."

आम्ही तिला घेऊन घरात येतो न येतो तेव्हा फोन वाजू लागले. माझं बोट कधीतरी बरोबर पडलं होतं. माझ्या हातातला, वैशालीचा, चारीपलीकडच्या वस्त्यांवरचे, सगळीकडे तो कर्कश भोंगा. सगळं उरकल्यावर.

दार लावून आत बसलो. मग पलीकडून हाक आली. तात्या त्यांच्या दाराआडून ओरडत होते, "पोरगी आली का घरात?" वैशालीने उत्तर दिलं, पण तिचा घसा बसला होता आणि भोंगे वाजत होते. "पोरगी आली का गं?" आम्ही दोघींनी मिळून ओ दिली. त्यांना ऐकू गेली नाही. ते विचारत राहिले. दार उघडून बाहेर यायची हिंमत त्यांच्यात नव्हती, आमच्यातही नव्हती. आणि मध्ये ती वाट होती. सोमनाथ कामावरून येईपर्यंत तो म्हातारा तेच विचारत राहिला. सोमनाथने वाटेवर उभं राहून बॅटरी हलवली आणि सांगितलं, "आली, तात्या! आत हाय!" तेव्हा कुठे हाका थांबल्या.

मला कित्येक दिवस त्या दोन बटणांची स्वप्नं पडली. बिबट्या स्वप्नात आला नाही. दोन बटणंच यायची, सारखी, शेजारी शेजारी, आणि त्यांवरची अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी पसरत जायची.

पुण्याला जाऊन निखिलला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "प्रश्न काढून टाकतो. पण मला एक सांग, प्रश्न नसला तर कोणीही दाबेल. पोरं खेळता खेळता दाबतील. चार वेळा खोटा भोंगा वाजला की पाचव्या वेळी कोण दार लावेल?"

त्याच्या म्हणण्याचा मला तेव्हा राग आला. पण प्रश्न काढून टाकल्यावर पुढच्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवर कोणालातरी अंधुकात मोठा कुत्रा दिसला आणि त्याने खबर दिली. भोंगा ऐकून शेतातून पळताना एक बाई चारीत पडली, तिचं मनगट मोडलं. त्या संध्याकाळनंतर दोन घरांनी ॲप काढूनच टाकलं. म्हणजे बटण अवघड असलं तरी भीती आणि सोपं असलं तरी भीती. घाबरलेल्या माणसाला 'खात्री आहे का?' विचारणं म्हणजे बुडणाऱ्याला नाव-गाव विचारणं. पण खात्री न विचारता सगळं शिवार घाबरवणं हेही कोणाच्या तरी हाडांवर येतं.

आम्ही वाद घालत राहिलो आणि त्यातून मार्ग निघाला तो असा: आधी पाठवायचं, मग विचारायचं. लाल गोल दाबून धरला की खबर लगेच जाते. जागा फोन स्वतःच ओळखतो. त्यानंतर खाली मोठी पट्टी येते, 'चूक झाली असेल तर मागे घ्या', आणि मागे घेतली की सगळ्यांना तसं कळतं. पडदा ओला असला, बोट कळलं नाही, तर फोनच्या कडेचं आवाजाचं बटण दाबून धरलं तरी चालतं. ते बघायला डोळे लागत नाहीत.

हे तपासायचं कसं, हा पुढचा प्रश्न होता. निखिल म्हणाला, अचानक डरकाळीचा आवाज लावू. मी नाही म्हणाले. घाबरवून माणसाची परीक्षा घ्यायची नाही. त्या वस्तीवर तर नाहीच. त्याऐवजी मी बायकांना हौदात हात बुडवून यायला सांगितलं. कडेवर मूल घेऊन, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन, चालता चालता, संध्याकाळच्या कमी उजेडात बटण दाबायचं. त्या हसायच्या. "मॅडम, तुमी आमाला सर्कशीत घालता का?" मीही हसायचे, आणि माझं लक्ष त्यांच्या अंगठ्यांवर असायचं. ज्या बाईचा अंगठा फोनला कळायचा नाही, तिच्या घराकडची वाट मी जाताना बघून घ्यायचे.

दुसरं बटण तात्यांमुळे आलं. ते हिरवं आहे आणि त्यावर दोनच शब्द आहेत: 'सगळे घरात'. खबर गेली की आसपासच्या प्रत्येक फोनवर ते येतं. घरातली माणसं आत आली की दाबायचं. बाकीच्यांना कळतं की अमक्या घरी सगळे सुखरूप आहेत. निखिलला ते फारसं गरजेचं वाटलं नव्हतं. मी अडून बसले. भीती सुरू कधी होते हे कोणालाही सांगता येतं. संपली कधी, हे कोणीतरी कळवावं लागतं. तात्यांना मी ते बटण दाखवलं. त्यांनी ते दाबून बघितलं, दोनदा बघितलं, आणि म्हणाले, "हे बरं केलं, बाय." एवढंच.

तात्या मागच्या पावसाळ्यात गेले. झोपेतच. त्यांच्या घराला आता कुलूप असतं आणि त्या दोन घरांमधली वाट गवताने भरत चालली आहे. वस्तीवर वैशालीचं एकच घर उरलंय. प्रांजल सातवीत गेली. ते काम संपून मला दुसरी कामं लागली, कोपरगावला, नगरला, पुण्याला. पण चाचणीसाठी त्या वस्तीच्या गटात घातलेला माझा नंबर मी काढला नाही. का काढला नाही, ते सांगता येत नाही. उन्हाळा-पावसाळ्यात विसरते मी. हंगामाचा वास आला की आठवतं.

काल संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि फोन वाजला. तो भोंगा माझ्या फ्लॅटमध्ये फार मोठा वाटतो. पिठाच्या बोटांनी मी फोन उचलला. खबर वैशालीच्या घराजवळची होती. खाली आसपासच्या घरांची नावं एकेक करून हिरवी होऊ लागली. सगळे घरात, सगळे घरात, सगळे घरात. वैशालीचं नाव तसंच राहिलं.

मी थांबले. कणकेवर ताट झाकलं, काढलं, परत झाकलं. नाव हिरवं होईना. शेवटी फोन लावला. बराच वाजल्यावर तिने उचलला.

"वैशाली? काय झालं?"

"आत हाय आमी, मॅडम." ती कुजबुजत होती. "दार लावलंय. प्रांजल हाय माज्यापाशी. टिपूबी आत घेतला."

"मग बटण का दाबलं नाहीस? जीव गेला ना माझा इथे."

"हे कुटं आलेत अजून? कामावरनं निघालेत, वाटंतच असतील. फोन उचलीत न्हाईत, गाडीवर आवाज येत न्हाई त्यास्नी. सगळे म्हनल्यावर सगळेच की, मॅडम. खोटं कसं दाबू?"

कारखान्याच्या रस्त्यापासून तिच्या घरापर्यंतची वाट माझ्या डोळ्यांसमोर होती. चारीवरचा पूल, मग दोन्हीकडे ऊस, मग ते वळण जिथे गाडीचा वेग कमी करावाच लागतो.

"ठेवू नका फोन," ती म्हणाली.

"नाही ठेवत."

फोनमधून तिचं घर ऐकू येत होतं. टिपूची धाप. कुठेतरी भांड्यात थेंब थेंब पडणारं पाणी. प्रांजलने काहीतरी विचारलं आणि वैशालीने "शूऽऽ" केलं. दूरवर एक मोटरसायकल आली. मी फोन कानाशी घट्ट दाबला. गाडी चारीपलीकडून तशीच निघून गेली. पुन्हा पाण्याचे थेंब. माझ्या बोटांवरची कणीक वाळून ताणली जात होती.

मग दुसरी गाडी आली. ती जवळ येत गेली, वळणावर मंद झाली, फार वेळ मंदच राहिली असं मला वाटलं, आणि मग अंगणात येऊन बंद झाली. दारावर थाप पडली.

"मी हाय गं. काय झालं? दार का लावलंय?"

वैशालीने फोन जमिनीवर ठेवला असावा. कडी काढल्याचा आवाज आला, कडी परत लागल्याचा आला. मग माझ्या कानापाशीच फोन थरथरला. मी तो समोर धरला. शेवटचं नाव हिरवं झालं होतं.

पलीकडून सोमनाथचा आवाज आला, "फोन कुनाचा चालू हाय?"

"कुनाचा न्हाई," वैशाली म्हणाली. आता ती मोठ्याने बोलत होती. "आपल्या मॅडम हायेत. तुमची वाट बघत हुत्या."